ट्यूब टाकण्याआधी ॲम्बू चालवायला शिका

इमर्जन्सीत नवीन जॉइन झालेल्या प्रत्येक रेसिडेंटला एकच घाई असते, इंट्युबेशन, म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकणं, कधी करायला मिळणार. ड्युटी रूममध्ये गप्पा पण त्याच, तुझ्या किती झाल्या, माझ्या किती झाल्या. ॲम्बूचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या बॅगचा, मास्क किती पेशंटना नीट धरता आला हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. माझं मत विचाराल तर एअरवेमधलं, म्हणजे श्वासाचा रस्ता सांभाळण्यातलं, सगळ्यात महत्त्वाचं स्किल मास्कचं आहे, कारण पेशंट ट्यूब नाही म्हणून जात नाही, ऑक्सिजन पोचला नाही म्हणून जातो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. रेसिडेन्सीचा दुसरा महिना, रात्रीची ड्युटी, न्यूमोनियाचे एक आजोबा पार दमलेले, श्वास उथळ, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ७८ टक्के. झोपेची आणि स्नायू सैल करणारी औषधं दिली, लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा बघायचं ब्लेडवालं साधन, घातला, काही दिसलं नाही, बाहेर काढला, परत घातला, मधल्या वेळात एक जण एका हाताने मास्क दाबून ॲम्बू मारत होता, पोट फुगत होतं, छाती हलत नव्हती, आणि मला ते दिसलंच नाही कारण माझं सगळं लक्ष ब्लेडमध्ये. सॅच्युरेशन ६१ वर आलं. तेवढ्यात सिनियर आल्या. ओरडल्या नाहीत. माझ्या हातातलं ब्लेड घेऊन ट्रेमध्ये ठेवलं, डोक्याखाली चादरीची जाड घडी सरकवली, तोंडात एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी प्लास्टिकची वाकडी नळी, टाकला, दोन्ही हातांनी मास्क धरून जबडा वर ओढला आणि सिस्टरना म्हणाल्या, "तुम्ही फक्त बॅग दाबा, हळू." दोन-तीन मिनिटांत ९४. ऑक्सिजन तोच, बॅग तीच, मास्क तोच, बदलले ते फक्त हात. त्यानंतर आरामात ट्यूब पडली. तेव्हापासून मी ज्युनियरला सगळ्यात आधी हेच शिकवतो.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू गेलेले पेशंट रोज दाखल होत होते आणि मशीन अगदी मोजकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात छिद्र करून ट्यूब घालून हाताने बॅग दाबत श्वास द्यायचा मार्ग काढला, आणि त्या बॅगा दाबायला मेडिकलचे विद्यार्थी बसले, पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे. आजचं आयसीयू तिथून सुरू झालं असं मानतात. आपण जो ॲम्बू वापरतो, स्वतःहून परत फुगणारी बॅग, तोही डेन्मार्कचाच, हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी बनवलेला, १९५६ मध्ये बाजारात आला. म्हणजे हाताने बॅग दाबून माणसं जगवता येतात हे कधीच सिद्ध झालंय, आपल्याला फक्त ती नीट दाबायला शिकायचंय.

आधी पेशंटला नीट झोपवा

घाईत सगळ्यात जास्त हीच पायरी सुटते. पेशंट ट्रॉलीवर खाली घसरलेला असतो, मान छातीत गेलेली असते आणि आपण डायरेक्ट मास्क लावतो. बाजूने उभं राहून बघा, कानाचं भोक आणि गळ्याखालची छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत आली पाहिजे, आणि चेहरा छताला समांतर. साध्या अंगकाठीच्या माणसाला डोक्याखाली चादरीची एक घडी पुरते, जाड पेशंटला खांद्यापासून वर उतार करत चादरी रचाव्या लागतात, आणि लहान बाळाचं उलटं, त्याचं डोकंच मोठं असतं म्हणून घडी खांद्याखाली ठेवायची. मानेला मार असेल तर मान हलवायची नाही, फक्त जबडा पुढे, आणि दुसऱ्या कोणीतरी डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरायचं. ट्रॉलीचं डोकं २० ते ३० अंश वर केलं तर फुप्फुसांना जागा मिळते आणि पोटातलं वर यायची भीती पण कमी होते. पेशंट ट्रॉलीच्या अगदी डोक्याकडच्या कडेला ओढून घ्या आणि ट्रॉली तुमच्या बेंबीच्या वर येईल इतकी उंच करा, वाकून काम केलं की पाच मिनिटांत हात थरथरतात.

मग तोंड उघडून बघा. उलटी, रक्त, सुटलेली कवळी, काय असेल ते. सक्शन चालू करून उशीखाली उजव्या बाजूला खोचून ठेवायचं, चालू करून म्हणजे खरंच चालू करून, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. कवळी घट्ट बसलेली असेल तर मास्क देताना ती राहू द्या, गाल आत जात नाहीत आणि सील छान होतं, ट्यूब टाकताना काढा.

तोंडातला आणि नाकातला एअरवे

बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते आणि तिथेच सगळा रस्ता बंद होतो. १९५० च्या दशकात पीटर सफर आणि जेम्स एलम यांनी दाखवलं की नुसतं डोकं मागे करून हनुवटी उचलली तरी हा रस्ता उघडतो, आणि आजही सुरुवात तिथूनच करायची. तोंडातल्या एअरवेचं माप ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत घ्यायचं. लहान घेतला तर तो जिभेलाच मागे ढकलतो. पेशंटला ओकारी येत असेल, म्हणजे गॅग असेल, तर हा टाकू नका, उलटी होईल. तिथे नाकातला सॉफ्ट एअरवे कामाला येतो, माप नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंत, जेली लावून, सरळ मागे, वर नाही. चेहऱ्याला आणि कवटीच्या तळाला मोठा मार असेल तर नाकातून काही घालताना थांबून विचार करा.

खूप जण एअरवे टाकणं म्हणजे कमीपणा समजतात, मला बिना-एअरवे जमतं टाइप. असं करू नका. मास्क द्यायला अवघड वाटला की एक तोंडातला आणि लागलंच तर एक किंवा दोन नाकातले, सगळे एकदम टाकले तरी चालतात.

मास्क धरायचा कसा

आता मुख्य भाग. मास्क नाकाच्या वरच्या हाडावर सुरू होऊन खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या खळग्यात संपला पाहिजे. डोळ्यांवर आला तर मोठा आहे, हनुवटीच्या खाली लोंबला तरी मोठा आहे.

एका हाताने धरायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर सी सारखं, बाकी तीन बोटं जबड्याच्या हाडावर ई सारखी. ही पद्धत यायलाच पाहिजे कारण कधी कधी आपण एकटे असतो, पण दोन माणसं हाताशी असतील तर एका हाताने धरू नका. दोन्ही हात मास्कवर, दुसरा माणूस बॅग दाबेल.

दोन हातांची माझी आवडती पद्धत अशी. पेशंटच्या डोक्यामागे उभे राहा, दोन्ही अंगठे मास्कवर सपाट ठेवा, टोकं पेशंटच्या पायांकडे करून, म्हणजे अंगठ्याखालचा मांसल भाग मास्कच्या दोन्ही कडांवर अख्खा टेकतो. उरलेली चार-चार बोटं जबड्याच्या कोपऱ्याच्या मागे, कानाच्या खाली, हुकसारखी अडकवा. आता जबडा वर उचला, छताकडे, इतका की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील. इथे लोक जे चुकतात ते नीट समजून घ्या, मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा मास्कमध्ये वर ओढायचा असतो. मास्क खाली दाबला की हनुवटी खाली जाते, जीभ मागे जाते, आणि सील कितीही घट्ट झालं तरी हवा जायला रस्ताच राहत नाही. बोटं हाडावरच पाहिजेत, हनुवटीखालच्या मऊ भागावर नाही, विशेषतः लहान मुलांमध्ये, तिथे नुसत्या बोटाच्या दाबाने सुद्धा रस्ता बंद होतो.

बरोबर जमलं की हाताला कळतं. बॅग दाबणारा म्हणतो "सोपी जातेय", मास्कच्या आत वाफ धरते आणि जाते, छाती दोन्ही बाजूंनी थोडीशी उचलते, कडेने फुर्र आवाज येत नाही. आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे कॅप्नोग्राफी, बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, मास्क आणि बॅगच्या मध्ये लावून टाका, ट्यूबची वाट बघू नका, स्क्रीनवर चौकोनी लाट दिसली म्हणजे हवा आत जाऊन परत येतेय. बोटावरचं सॅच्युरेशन उशिरा सांगतं, शॉकमधल्या, म्हणजे बीपी पडलेल्या, थंड पेशंटमध्ये तर एक मिनिटापर्यंत सुद्धा मागे असतं, लाट मात्र लगेच सांगते.

बॅग दाबणाऱ्याने काय करायचं

मोठ्या माणसाची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि पेशंटला लागतं ५०० ते ६०० मिली, म्हणजे बॅग पूर्ण पिळायची गरजच नाही, एका हाताने तिसरा हिस्सा दाबला की झालं. एक सेकंदभर हळू दाबायचं, छाती उचलताना दिसली की सोडायचं, मग थांबायचं. नाडी चालू असलेल्या मोठ्या माणसाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, मुलांना दर २ ते ३ सेकंदांनी. सीपीआर चालू असेल आणि ट्यूब नसेल तर ३० कॉम्प्रेशनला २ श्वास. दम्याच्या पेशंटला दर ६ सेकंदांपेक्षाही हळू, त्याची हवा बाहेर यायलाच वेळ लागतो आणि आपण घाई केली तर आत साठून बीपी कोसळतं.

टेन्शनमध्ये हात आपोआप जोरात आणि भराभर चालतो, मी भल्याभल्यांना मिनिटाला ४० दाबताना पाहिलंय. जोरात दाबलं की घशातलं प्रेशर साधारण २० सेमी पाण्याच्या वर जातं, अन्ननलिकेचा खालचा व्हॉल्व्ह उघडतो, हवा पोटात, पोट फुगलं की डायफ्राम वर, फुप्फुसाला जागा कमी, मग अजून जोरात दाबावंसं वाटतं, आणि शेवटी उलटी. म्हणून बॅग दाबणाऱ्याने मोठ्याने मोजावं, "दाब, दोन, तीन, चार, पाच, सहा, दाब", सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. जरा विचित्र वाटेल पण याने खरंच फरक पडतो.

रिझर्व्हॉयर म्हणजे मागची पिशवी फुगलेली आहे ना, ऑक्सिजन १५ लिटरवर आहे ना, आणि नळी भिंतीवरच्या ऑक्सिजनलाच जोडलीय ना, हे नळीवर हात फिरवत शेवटपर्यंत जाऊन बघा. पीप व्हॉल्व्ह, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडं प्रेशर ठेवणारा, असेल तर लावा, ५ सेमी पाण्यापासून सुरुवात.

दाढी असेल तर सील सुटतं, दाढीवर जेली थापा. दात नसतील तर गाल आत जातात, तोंडातला एअरवे टाका आणि मास्कची खालची कड थोडी वर, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. वय ५५ च्या वर, वजन जास्त, दाढी, दात नाहीत, रात्री घोरतात, या पाच गोष्टींपैकी दोन-तीन दिसल्या की आधीपासूनच दोन माणसं आणि एअरवे तयार ठेवा. तरीही जमत नसेल तर सुप्राग्लॉटिक, म्हणजे एलएमए किंवा आय-जेलसारखं स्वरयंत्राच्या वर बसणारं साधन, टाकून बॅग त्यालाच जोडा.

आता ट्यूबकडे

ट्यूब ठरली की आधी ऑक्सिजनचा साठा भरा. किमान ३ मिनिटं घट्ट मास्कने पूर्ण ऑक्सिजन, डोकं वर, आणि नाकात वेगळी कॅन्युला, म्हणजे ऑक्सिजनची बारीक नळी, १५ लिटरवर, जी ट्यूब टाकतानाही काढायची नाही. नुसत्या मास्कने सॅच्युरेशन ९३ च्या वर जात नसेल तर एनआयव्ही, म्हणजे ट्यूबशिवाय घट्ट मास्कमधून मशीनने श्वास देणं, लावा, २०२४ मध्ये आलेल्या प्रीऑक्सी ट्रायलमध्ये एनआयव्हीवाल्यांमध्ये सॅच्युरेशन ८५ च्या खाली जाण्याचं प्रमाण ९.१ टक्के होतं, साध्या मास्कवाल्यांमध्ये १८.५. फार मोठा फरक आहे हा.

औषध दिल्यावर ब्लेड घालेपर्यंत जो मिनिटभर असतो त्यात बॅग द्यायची की नाही यावर बरीच वर्षं वाद होता, उलटी होईल या भीतीने हात लावू नका असंच शिकवायचे. २०१९ ला प्रिव्हेंट ट्रायल आली, आयसीयूतले ४०१ पेशंट, बॅग दिलेल्यांमध्ये सॅच्युरेशन ८० च्या खाली गेलेले १०.९ टक्के, न दिलेल्यांमध्ये २२.८, आणि पोटातलं फुप्फुसात जाण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. जे आधीच रक्ताच्या उलट्या करताहेत किंवा सतत ओकताहेत असे पेशंट त्यात नव्हते, म्हणून तिथे डोकं वापरा, पण बाकीच्यांना त्या मिनिटात हळू हळू बॅग द्या. आणि हे कधी जमेल, मास्क धरता येत असेल तरच.

बीपी कमी असेल तर आधी बीपी सांभाळा, फ्लुइड, व्हॅसोप्रेसर म्हणजे बीपी वाढवणारं औषध, मग ट्यूब. शॉकमध्ये झोपेच्या औषधाचा डोस कमी आणि स्नायू सैल करणाऱ्या रोक्युरोनियमचा डोस पूर्ण किंवा जास्त, किलोला १.२ मिग्रॅ किंवा थोडा वरच. झोपेचं औषध केटामिन साधारण किलोला १ ते २ मिग्रॅ असतं, शॉकमध्ये त्याच्या निम्मं धरा.

ब्लेड घालायच्या आधी मोठ्याने सांगा, "९३ ला मी बाहेर येणार, कोणीतरी आकडा वाचत राहा." ९३ का, कारण ९० च्या खाली तो आकडा उतारावरून दगड घरंगळावा तसा जातो. ९३ झाले की ब्लेड बाहेर, परत दोन हातांनी मास्क. परत जाताना काहीतरी बदलून जा, पोझिशन, ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) किंवा हात, तोच प्रयत्न तसाच परत करून काही होत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर पहिल्यांदाच तो घ्या, २०२३ च्या डिव्हाइस ट्रायलमध्ये पहिल्याच प्रयत्नात ट्यूब पडायचं प्रमाण व्हिडिओने ८५.१ टक्के आणि साध्याने ७०.८ होतं.

ट्यूब पडली की लाट बघा. छातीवर आवाज आला, वाफ दिसली, मी स्वतः व्होकल कॉर्डमधून जाताना बघितली, यातलं काहीही लाटेची जागा घेत नाही. सपाट रेषा असेल तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरून चाला, सीपीआर चालू असला तरी चांगल्या कॉम्प्रेशनमध्ये थोडी तरी लाट दिसते. ट्यूब दातांपाशी बायकांना साधारण २१ सेमी, पुरुषांना २३. आणि एक कळकळीची विनंती, सेडेशन, म्हणजे झोपेचं औषध, लगेच सुरू करा. रोक्युरोनियम तासभर किंवा जास्त चालतं, केटामिन त्याच्या खूप आधी उतरतं, मधल्या वेळात तो माणूस जागा असतो, सगळं ऐकत असतो आणि बोटही हलवू शकत नाही. हृदयाचे ठोके वाढलेत, डोळ्यातून पाणी येतंय, बघा जरा त्याच्याकडे.

काहीच जमलं नाही तर

मास्क नाही, सुप्राग्लॉटिक नाही, ट्यूब नाही, सॅच्युरेशन खाली. मग गळ्यातून. युकेच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५ मध्ये सांगितलेली पद्धत सोपी आहे, १० नंबरचं सर्जिकल चाकूचं ब्लेड, बूजी, ६ नंबरची कफवाली ट्यूब, एवढंच सामान. कंठमण्याच्या खालची मऊ पट्टी शोधा, आडवा छेद, ब्लेड फिरवा, बूजी आत, त्यावरून ट्यूब. गळा जाड असेल, काही लागत नसेल तर आधी मधोमध उभा ८ ते १० सेमीचा छेद आणि बोटांनी चाचपत जा. ज्या पेशंटला अवघड वाटेल त्याच्या गळ्यावर आधीच पेनने खूण करून ठेवायची सवय लावा.

इथे हातापेक्षा निर्णय अवघड असतो. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली या बाईंच्या साध्या सायनसच्या ऑपरेशनआधी हेच झालं, अनुभवी डॉक्टर ट्यूबचेच प्रयत्न करत राहिले, नर्सनी गळ्यातून करायचा सेट आणून ठेवला होता, आयसीयूत बेड विचारला होता, पण ते ऐकलं गेलं नाही, आणि बाई वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली पायलट, त्यांनी दोष देत बसण्यापेक्षा टीम अशा वेळी का अडकते यावर काम सुरू केलं, आज जगभर एअरवे ट्रेनिंगमध्ये ही घटना शिकवतात. म्हणून तुमच्या खोलीत सिस्टर किंवा इंटर्न म्हणाली की "सर, सेट उघडू का" तर मान वर करून तिच्याकडे बघा आणि उत्तर द्या.

सराव कसा करायचा

मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, ट्यूब टाकायला रांग लागते, मास्क धरायला कोणी नसतं, त्याचा फायदा घ्या. रोज दहा मिनिटं, दोन हातांनी, कोणालातरी बॅग दाबायला लावून, घड्याळ लावून, दर ६ सेकंदांनी. मॅनिकिनची मान कडक असते म्हणून तिथे जमलं म्हणजे माणसात जमेल असं नाही. खरं शिक्षण ओटीत होतं, भूलतज्ज्ञांना विनंती करा की ट्यूब नको, पेशंट झोपल्यावर तीन-चार मिनिटं मास्क धरू द्या, सहसा आनंदाने देतात, कारण हे मागणारा क्वचित असतो. कॅप्नोग्राफची लाट बघत हात थोडा हलवा, जबडा थोडा सोडा, लाट लहान होते, परत उचला, मोठी होते. पाच-सहा पेशंटमध्ये हाताला जी समज येते ती कुठल्या लेक्चरने येत नाही. ट्यूबसाठी नव्वद टक्के यशापर्यंत जायला पन्नासेक पेशंट लागतात असं अभ्यासांमध्ये दिसलंय, त्यामुळे पहिल्या दहा चुकल्या म्हणून खचू नका, तोपर्यंत पेशंटला ऑक्सिजन देता येतो ना ते बघा.

महिन्यातून एकदा खऱ्या रिसस खोलीत (अत्यवस्थ पेशंटना घेतात ती), खऱ्या ट्रॉलीवर, ज्यांच्याबरोबर ड्युटी असते त्याच सिस्टर, ब्रदर, मामांना घेऊन ड्रिल करा. पहिल्याच वेळी कळेल की बूजी कुलपात आहे किंवा लहान मुलांचा मास्क संपलाय.

आणि ड्युटीवर आलात की पहिलं काम, ॲम्बू हातात घ्या, पुढचं तोंड तळव्याने बंद करून दाबा, दबली नाही पाहिजे, दबली तर गळतेय, बदला. तळवा काढून दाबा, सोडल्यावर लगेच फुगली पाहिजे. मास्क ३, ४, ५ नंबर आहेत का, एअरवेचे सगळे साइज आहेत का, लॅरिंगोस्कोपचा लाइट पांढरा आहे की पिवळा, सक्शन ओढतंय का, कॅप्नोग्राफची नळी जोडलेली आहे का. दोन मिनिटं लागतात. केस झाल्यावर, नोट्स लिहायला बसायच्या आधी, हेच परत.